कोणता आदित्य जोशी?





मागच्या सत्रात आपल्या शाळेत एक प्रसंग घडला. शाळा सुटताना फाटकापाशी त्याची बरीच चर्चा झाली, काही पालकांनी मला प्रत्यक्ष भेटून विचारलेही. म्हणून तो प्रसंग आणि त्यातून आम्ही काय शिकलो हे सविस्तर लिहायचे ठरवले. विषय संगणकाचा आहे, पण बिचकण्याचे कारण नाही. मी स्वतः हिंदी माध्यमातून बी. ए. झालेली, इतिहासाची विद्यार्थिनी. जे मला समजले ते तुम्हाला नक्कीच समजेल.

झाले असे. सातवीतल्या आदित्य जोशीला तिसऱ्या तासाला ताप भरला. (नाव बदलले आहे, आडनावही.) त्या दिवसांत आपल्या ऑफिसात एक एआय मदतनीस प्रयोग म्हणून वापरला जात होता. ऑफिसातल्या ताईंनी त्याला लिहिले, "आदित्य जोशीच्या घरी कळवा, त्याला ताप आहे, न्यायला या." अर्ध्या मिनिटात उत्तर आले, "कळवले आहे." ताई निश्चिंत झाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

सव्वा तासाने एक गृहस्थ धापा टाकत आले. देवासच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, स्कूटर दामटत आलेले. ते चौथीतल्या आदित्य जोशीचे वडील होते. त्यांचा मुलगा मैदानात मजेत खो-खो खेळत होता. आणि सातवीतला आदित्य? तो आजारी मुलांच्या खोलीत बाकावर पडून आईची वाट पाहत होता. त्याच्या घरी निरोप गेलाच नव्हता. आई आली तेव्हा ताप १०३ वर पोहोचला होता. मुलगा दोन दिवसांत बरा झाला, पण त्या माउलीने मला एकच वाक्य ऐकवले, "मॅडम, बडेबाबू असते तर असे झाले नसते."

ते वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. आपले निवृत्त बडेबाबू असते तर त्यांनी चष्म्यावरून बघत आधी विचारले असते, "कोणता आदित्य? रामबागेतला की सुदामा नगरातला?" शाळेत दोन आदित्य जोशी आहेत हे त्यांना कुठे वाचावे लागत नसे. मग मदतनिसाने का विचारले नाही? तो मठ्ठ होता का? आमच्या संगणक शिक्षकांसोबत बसून मी हे समजून घेतले. उत्तर असे निघाले की, चूक त्याच्या बुद्धीची कमी आणि आमच्या लिहिण्याची जास्त होती.

एजंट म्हणजे काय?

मोबाइलवर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारे एआय आता सर्वांच्या परिचयाचे आहे. ते फक्त लिहिते. पण त्याच्या हाती काही साधने दिली, जसे रजिस्टरमध्ये नाव शोधणे, निरोप पाठवणे, तारीख पाहणे, की ते कामेही करू लागते. अशा एआयला एजंट म्हणतात. एजंट म्हणजे अडत्या किंवा विमावाला नव्हे. आपल्या वतीने काम करणारा, एवढाच अर्थ घ्यावा.

आता गंमत पाहा. एजंट स्वतः रजिस्टर उघडत नाही. ऑफिसच्या खिडकीबाहेर उभा असलेला नवा कारकून डोळ्यांपुढे आणा. रजिस्टर आत आहे. त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायचे, "विद्यार्थी शोध, नाव आदित्य जोशी." चिठ्ठी आत सरकते, आतला प्रोग्रॅम शोधतो आणि उत्तराची चिठ्ठी बाहेर येते. ती वाचून कारकून पुढचे ठरवतो. आत काय चालते हे त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त खिडकीवर लावलेली पाटी: या खिडकीचे नाव काय, येथे काय मिळते, चिठ्ठीवर काय लिहायचे.

ही पद्धत नवी आहे, पण झपाट्याने पसरली. ओपनएआय कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलना अशी साधने जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला नियमसंच जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाला एक नाव असते, साध्या भाषेतले वर्णन असते आणि चिठ्ठीवर कोणत्या रकान्यात काय भरायचे याचा नमुना असतो. हीच ती पाटी. तिला साधनाचे दस्तऐवजीकरण म्हणतात. शब्द मोठा आहे, काम छोटे आहे, आणि आम्ही नेमके तेच उरकून टाकले होते.

आमची जुनी पाटी

ज्या साधनाने घोटाळा झाला त्याची पाटी आम्ही काढून पाहिली. तीवर इतकेच होते. नाव: शोध. वर्णन: युजर शोधतो. रकाना: क्यू.

युजर म्हणजे कोण? विद्यार्थी, पालक, शिक्षक की माजी विद्यार्थी? क्यू म्हणजे काय, नाव की नंबर? काही पत्ता नाही. पण खरी मेख पुढे होती. हे साधन सापडलेल्यांपैकी पहिले एकच नाव परत करत असे आणि आणखी किती सापडले ते सांगतच नसे. म्हणजे मदतनिसाच्या हाती एकच आदित्य जोशी पडला. दुसरा आहे हे कळायला त्याला मार्गच नव्हता. त्यातून ताईंनीही इयत्ता लिहिली नव्हती. बडेबाबू तिथे असते तर त्यांनी विचारले असते, कारण त्यांना दोघे ठाऊक होते. मदतनिसाला एकच दाखवला गेला, म्हणून त्याने विचारले नाही.

सापडणे आणि ओळख पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही एक गोष्ट या लेखातून लक्षात राहिली तरी माझे काम झाले.

नवी पाटी

त्यानंतर आम्ही दोन शनिवार बसून नवी पाटी लिहिली. प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजीत आहे. येथे तिचा आशय मराठीत देते.

पहिले, नाव. "शोध" ऐवजी "विद्यार्थी शोध". शिक्षकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी साधने केली. पाटीवर लिहिले, "या वर्षी शाळेत शिकत असलेले विद्यार्थी नावावरून शोधण्यासाठी." शाळा सोडून गेलेली मुले येथे सापडणार नाहीत, हेही लिहिले.

दुसरे, कधी वापरायचे आणि कधी नाही. स्कॉलर नंबर माहीत असेल तर नावाने शोधूच नका, नंबराने नोंद उघडणारे दुसरे साधन आहे, ते वापरा. संपूर्ण वर्गाची यादी काढण्यासाठी हे साधन नाही. काय करू नये हे लिहिणे मला आधी अनावश्यक वाटले होते. पण नव्या माणसाला निम्मे शहाणपण त्यातूनच मिळते.

तिसरे, रकाने. नाव आवश्यक, इयत्ता, तुकडी आणि जन्मतारीख ऐच्छिक. प्रत्येक रकान्यापुढे नमुना दिला. इयत्ता "७" अशी लिहावी, "सातवी" किंवा "सेव्हन्थ" नको. जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, जसे २०१३-०४-०३. कारण नुसते ०३-०४ लिहिले तर आपण ३ एप्रिल वाचतो आणि अमेरिकन पद्धतीने वाचणारा ४ मार्च वाचतो.

चौथे, नाव कसे जुळवले जाते. हा भाग सर्वांत अवघड गेला, कारण आपण इंदूरकर. आपल्याकडे एकच माणूस तीन प्रकारे लिहिला जातो. घरी आपण काळे, हिंदी दाखल्यात काले, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ आणि ल यांचा भेदच उरत नाही. मराठीतला राठोड हिंदीत राठौड़ होतो. त्यातही हिंदीतला नुक्ता दिलेला ड़ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ड आणि नुक्ता वेगवेगळे ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅमने आधी ते एकसारखे करून घेतले नाहीत, तर संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. शिवाय मराठी घरांत मधले नाव वडिलांचे, हिंदी भाषक घरांत ते बहुधा नसते. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी.

उच्चारावरून नावे जुळवण्याचा प्रयत्न जुनाच आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली अशा एका पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे तिला साउंडेक्स म्हणू लागले. इंग्रजी नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना ध्वनीप्रमाणे अंक द्यायचे, स्वर गाळायचे आणि एकूण तीन अंक होतील इतकी शून्ये जोडायची. ही पद्धत चुकीचे स्पेलिंग सांभाळून घेते, पण आपल्या नावांची मजा करते. काळे, कौल आणि कोहली या तिन्ही आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग घेतले की एकच संकेत निघतो: के-४००! म्हणजे ढिला शोध नको ती माणसे आणतो आणि कडक शोध हवी ती माणसे गाळतो. दोन्हींपैकी एक कायमचा बरोबर असे नाही. पण आपले साधन कोणत्या प्रकारचे आहे हे पाटीवर लिहिलेले हवे. आम्ही लिहिले, "शब्दांचा क्रम धरला जात नाही. ळ आणि ल एकच मानले जातात. अर्धवट नावही चालते, म्हणून नको असलेली नावे येऊ शकतात."

पाचवे, उत्तरात काय मिळते. पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, इयत्ता, तुकडी, स्कॉलर नंबर, एवढेच. फोन नाही, पत्ता नाही, आजारपणाची नोंद नाही, समग्र आयडी नाही. मग निरोप कसा जाणार? निरोपाचे साधन स्कॉलर नंबर घेते आणि फोन नंबर आतल्या आत शोधते. मदतनिसाला तो पाहण्याची गरजच नाही. ज्याला जे लागत नाही ते त्याच्यापुढे ठेवू नये, हा नियम शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना लागू आहे, मग संगणकाला का नसावा? आणि सर्वांत महत्त्वाचे: एकूण किती नावे जुळली आणि त्यांपैकी किती दाखवली, हे उत्तरात वरच लिहिलेले असते.

सहावे, उत्तर मिळाल्यावर काय करायचे. हा भाग जसाच्या तसा देते.

"एकही नाव न मिळाल्यास असा विद्यार्थी शाळेत नाही असे म्हणू नये, या लिखाणाने सापडला नाही असे म्हणावे, आणि आडनाव किंवा दुसरे स्पेलिंग विचारावे. एकच नाव मिळाल्यास इयत्ता सांगणाऱ्याच्या माहितीशी ताडून पाहावी. इयत्ता सांगितली नसेल तर विचारावी. एकाहून अधिक नावे मिळाल्यास स्वतः निवड करू नये. इयत्ता आणि तुकडीसह सर्व नावे दाखवून विचारावे. उत्तर येईपर्यंत कोणताही निरोप पाठवू नये."

हा परिच्छेद लिहिताना माझ्या लक्षात आले की, आम्ही बडेबाबूंची सवय कागदावर उतरवत होतो. "कोणता आदित्य?" हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता, कुठल्याही वहीत नव्हता.

सातवे, अडचणीचे निरोप. पूर्वी इंटरनेट बंद पडले तरी उत्तर यायचे "काही सापडले नाही", आणि पाहण्याची परवानगी नसली तरी तेच. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द! रजिस्टरमध्ये नाव नसणे वेगळे, कपाटाला कुलूप असणे वेगळे आणि किल्ली हरवणे वेगळे. आता प्रत्येकाचा निरोप वेगळा आहे आणि पुढे काय करायचे तेही त्यात आहे, जसे "रजिस्टर उघडत नाही, थोड्या वेळाने एकदा प्रयत्न करा, तरीही न झाल्यास ऑफिसला सांगा."

पाटी म्हणजे कुलूप नव्हे

येथे पालकांना स्पष्ट सांगायला हवे. पाटीवर "फोन नंबर देऊ नका" लिहिले म्हणून नंबर सुरक्षित होत नाही. मदतनीस कधी पाटी चुकीची वाचेल, कधी कोणी गोड बोलून त्याला फसवेल. आलेल्या अर्जात किंवा शेऱ्याच्या रकान्यातच कोणी हुकूम लिहून ठेवला, तर तो हुकूम समजून पाळण्याचीही भीती असते. म्हणून खरे कुलूप प्रोग्रॅममध्ये हवे: कोणाच्या खात्यातून काय दिसेल हे तेथेच ठरले पाहिजे, आणि कोणी केव्हा काय शोधले याची नोंद राहिली पाहिजे. पाटी प्रामाणिक मदतनिसाला चुकण्यापासून वाचवते. लबाडाला अडवायला कुलूपच लागते.

हे केवळ आपल्या समाधानासाठी नाही. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती, असे तत्त्व घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची व्यवस्था आहे. आपल्या शाळेतली जवळजवळ सगळीच माहिती मुलांची आहे, हे विसरून चालणार नाही.

परीक्षा घेतली

पाटी लिहून झाल्यावर तिची परीक्षा घेतली. संगणक शिक्षकांनी चिठ्ठ्या तयार केल्या: सारख्या नावाची मुले, चुकीचे स्पेलिंग, शाळा सोडून गेलेली मुलगी, आणि अस्तित्वातच नसलेला एक मुलगा. निरोप खरोखर जाणार नाहीत अशी व्यवस्था करून एकेक चिठ्ठी मदतनिसाला दिली. "आदित्य जोशी" लिहिताच त्याने विचारले, "चौथी अ की सातवी ब?" मी खुर्चीत मागे टेकले.

पण एका चिठ्ठीने त्याची विकेट काढली. "काळे मॅडमच्या मुलीला बोलवा." त्याने विद्यार्थ्यांमध्ये "काळे" शोधले आणि भलतीच मुलगी पुढे केली. काळे मॅडमच्या मुलीचे आडनाव काळे नाहीच. मॅडम माहेरचे आडनाव लावतात. दोष पुन्हा पाटीचा. आम्ही एक वाक्य वाढवले, "नात्यावरून ओळख सांगितली असेल तर आडनाव सारखे असेल असे धरू नये, विद्यार्थ्याचे नाव विचारावे." पाटी एकदा लिहून भिंतीवर ठोकण्याची वस्तू नाही. प्रत्येक चूक तिला एक ओळ शिकवते.

आता तिघांना तीन गोष्टी सांगते.

विद्यार्थ्यांनो, रविवारी एक खेळ करा. इंदूर कधीही न पाहिलेल्या माणसाला राजवाड्यापासून तुमच्या घरापर्यंत यायचे आहे असे समजून पत्ता लिहा. मग तो कागद दुसऱ्या मुलाला द्या आणि त्याला फक्त लिहिले आहे तेवढेच करायला सांगा. "मग डावीकडे" या दोन शब्दांत किती डावीकडे लपलेल्या असतात ते कळेल. पुढे तुमच्यापैकी काही जण अशी साधने बनवाल, तेव्हा निबंधाचा तास कामी येईल.

पालकांनो, प्रवेश अर्जातले नाव, जन्मदाखला आणि आधारवरचे स्पेलिंग एकदा ताडून पाहा. फरक असेल तर ऑफिसात कळवा. आणि मुलाबद्दल फोन कराल तेव्हा नावाबरोबर इयत्ता आणि तुकडी सांगा. समोर माणूस असो की मशीन.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती. पुढे कोणी नवी संगणक व्यवस्था विकायला आले तर किंमत विचारण्याआधी विचारा, "तुमच्या साधनांचे वर्णन लिहिलेले आहे का? दाखवा. एका नावाची दोन मुले निघाली तर काय होते?" दाखवता आले नाही तर चहा पाजून निरोप द्यावा.

देवासहून आलेल्या त्या वडिलांची मी क्षमा मागितली. आपला मुलगा ठणठणीत आहे हे पाहून ते रागावलेही नाहीत, जाताना म्हणाले, "मॅडम, दूसरे वाले आदित्य की माँ को तो फोन कर दो पहले." जे काम आमच्या ऑफिसाने आणि मशीनने मिळून केले नाही, ते त्यांनी एका वाक्यात केले: दुसरा आदित्यही आहे, याची आठवण दिली. नव्या पाटीवर आता ती आठवण लिहून ठेवली आहे.

आपली,
प्राचार्या